सरांच्या स्थळाची लेखी चौकशी

नववी 'ब' मधल्या चौपन्न मुलांपैकी एकेचाळीस जणांनी निबंधाची सुरुवात एकाच वाक्याने केली होती: 'आजचे युग हे विज्ञानाचे युग आहे.' नऊ जणांनी तेच युग धावपळीचं ठरवलं होतं. दोघांनी युगाचा नाद सोडला होता, आणि उरलेल्या दोघांनी वहीच दिली नव्हती. विषय होता 'मोबाईल: शाप की वरदान', आणि शेवटी सगळ्यांनी मिळून मोबाईल जपून वापरायला सांगितलं होतं. त्यातल्या तिघांनी तर निबंध लिहिता लिहिता मोबाईलवरूनच उतरवला होता, हेही समाधान सरांना पक्कं ठाऊक होतं.

समाधान सर मूळचे तुळजापूरकडचे. तळवडे-चाकण रस्त्यावरच्या एका शाळेत मराठी शिकवायचे, आणि वय एकोणतीस असलं तरी रागावले की पन्नाशीचे वाटायचे. त्या दिवशी ते असेच पन्नाशीचे झाले.

"अरे, 'मोबाईलमुळे डोळे जातात' असं लिहिलंयस. कुणाचे गेले? कधी गेले? तू पाहिलेस का? पुरावा काय?"

पुरावा म्हणजे काय ते कुणालाच उमजेना. पोलीस, कोर्ट, वकील असले शब्द पुढे आले. सरांनी फळाभर लिहिलं, हात पांढरे करून घेतले, तरी समोर चौपन्न कोरे चेहरे. शेवटी मागच्या बाकावरून खंडू उठला. हा खंडू वर्गात एरवी फक्त हजेरीपुरतं बोलायचा.

"सर, म्हणजे लाल डबा का?"

"कसला लाल डबा?"

"आमच्या पप्पांच्या कंपनीत असतो. पीस मापात बसला नाही की लाल डब्यात. नुसता टाकायचा नाही, टॅग लावायचा. कुणी टाकला, का टाकला, सगळं लिहून."

झालं! सगळा वर्ग एकदम जागा झाला. कुणाचा बाप मशिनवर, कुणाची आई पॅकिंगला, कुणाचा चुलता तपासणीला. लाल डबा प्रत्येकाच्या घरी जेवताना येऊन गेलेला होता. दुसऱ्या दिवशी सरांनी निगडीच्या बस स्टँडसमोरून एक लाल प्लास्टिकची बादली आणली आणि टेबलावर ठेवली. त्या दिवसापासून नियम झाला: जे वाक्य काही सांगतंय, त्याला पुरावा हवा. कुणी पाहिलं, कधी, किती वेळा. पुरावा नसेल तर वाक्य चिठ्ठीवर लिहायचं, कारणाचा टॅग लावायचा आणि बादलीत. शिवाय विरुद्ध बाजू आपणच लिहायची, आणि अशी दमदार लिहायची की समोरच्यालाही वाटावं, हे आपल्याला का सुचलं नाही. ती लिहून झाल्यावरच 'तरीही आमचं मत' असं म्हणायची परवानगी.

मुलं निबंध शिकली. सरांचं एवढंच चुकलं, की ही बादली शाळेच्या फाटकाशी थांबेल असं ते धरून चालले.

याच वर्गातल्या सायलीचं घर जुन्या गावातलं. तिचे आजोबा कोंडाजी रोज नातवंडांना ऐकवायचे, की आमी शाळंला अनवाणी पाच कोस चालत जायचो. सायलीने आजोबांच्या वेळची शाळा कुठं होती ते विचारलं. मारुतीच्या देवळामागं होती. घरापासून पावलं मोजली, चारशे ऐंशी भरली. तिने ती जेवायच्या वेळी सगळ्यांसमोर जाहीर केली. वर्गातल्याच पिंकीच्या आईची, रुक्मिणीबाईंची, शाळेसमोर खाणावळ. तिथं पाटी होती: 'शुद्ध तुपातला शिरा.' पिंकीने एकच प्रश्न विचारला, "आई, तूप कुठंय?" दोन दिवस मायलेकींत अबोला होता, तिसऱ्या दिवशी पाटीवर नुसता 'शिरा' उरला.

कोंडाजी काठी टेकत शाळेत आले. "मास्तर, ही पोर घरात तोंड उघडू देईना झालीया. म्हातारपनी मी पुरावं कुठून आनू?"

मुख्याध्यापिका विमलबाईंनी त्यांना चहा पाजून परत पाठवलं आणि सरांना म्हणाल्या, "सर, मुलं शिकतायत, छान आहे. पण घरच्यांना वगळा की जरा यातून!"

सर हसले. छाती दोन इंच फुगली होती त्यांची. पुराव्याशिवाय बोलणाऱ्या माणसाचं कसं होतं ते बघून त्यांना गुदगुल्या होत होत्या. हसून घ्या म्हणावं, सर, हसून घ्या.

कारण त्याच आठवड्यात दत्तोबामामांनी स्थळ आणलं.

दत्तोबामामा चाकणच्या एका कंपनीत सुपरवायझर. भाच्याला गावाहून इकडं आणलं त्यांनी, खोली बघून दिली त्यांनी, आता बायको बघून देणंही आपलंच काम, असं त्यांचं साधं गणित होतं. बायोडेटा त्यांनीच टाइप करून घेतला, आणि सरांना दाखवला तो छापून झाल्यावर. सरांनी वाचला. 'नोकरी: पर्मनंट. निवास: निगडी प्राधिकरण, स्वतःचा टू बीएचके.'

"मामा, हा फ्लॅट कुणाचा?"

"तुझा."

"माझी तर संत तुकाराम नगरला एक खोली आहे. त्यातही मी आणि एक मित्र राहतो."

"अरे होईल की कधीतरी! आपण फक्त थोडं आधी सांगायलो."

"आणि पर्मनंट? मी अजून शिक्षणसेवक आहे. एक वर्ष बाकी आहे."

"वर्षानं काय होणार? पर्मनंटच होणार ना? मग! गप बस की जरा. खरं बोलून कुणाचं लगीन जमलंय का आजवर?"

सरांनी वाद घालायला हवा होता. वर्गात घातला असता. पण मामांचे उपकार डोक्यावर, आईचा रोज गावाहून फोन, आणि बायोडेटा तर छापून झालेला. सर म्हणाले, बघू तर खरं. एकदा 'बघू' म्हटलं की माणूस कसा घसरतो ते सांगायला नको.

मुलीकडचे मोशीला राहत. मुलीचे वडील अर्जुनराव तीस वर्षं एका कंपनीत फायनल इन्स्पेक्शनला होते, नुकतेच निवृत्त झालेले. चहा पिण्याआधी त्यांनी कपाच्या कडेवरून बोट फिरवलं, तेव्हाच सरांनी आपला कप खाली ठेवला. मग मुलगी आली, पोह्यांचा ट्रे घेऊन. नेहा नाव. चाकणला एका कंपनीत क्वालिटीला होती. तिने ट्रे ठेवला, समोर बसली, आणि मामा भाच्याचे गुण गात असताना मध्येच विचारलं, "तुम्ही मुलांना नक्की शिकवता काय?"

सरांनी लाल बादलीची गोष्ट सांगितली. चारशे ऐंशी पावलांपाशी नेहा हसायला लागली. तुपापाशी तिच्या डोळ्यांत पाणी आलं. हसताना तिने तोंडावर हात वगैरे काही धरला नाही, खुर्चीच्या पाठीला टेकून ती मोकळी हसली. सर तिथंच गार झाले. आपण हिच्याशीच लग्न करणार, नाहीतर कुणाशीच नाही, असं त्यांना वाटून गेलं, आणि असं काही आपल्याला वाटू शकतं याचं नवलही वाटलं.

"फ्लॅट निगडीत कुठल्या सेक्टरला?" अर्जुनरावांनी विचारलं.

सरांनी तोंड उघडलं. मामांचा हात गुडघ्यावर पडला, चांगला पान्यासारखा घट्ट. "सत्तावीस नंबर!" मामा म्हणाले. "काय हवा हाय तिथं! रात्रीला पांघरूण लागतंय."

आणि सरांनी उघडलेल्या तोंडात पोह्यांचा घास कोंबला. तोंडात पोहे होते म्हणून बोलता आलं नाही, असं ते पुढं दहा दिवस स्वतःला सांगत होते. पण घासभर पोहे गिळायला असा किती वेळ लागतो?

निघताना अर्जुनराव म्हणाले, "आमच्याकडून थोडी चौकशी होईल हं. रीतच आहे ती."

चौकशीची रीत सगळ्यांनाच ठाऊक. मुलीकडचा एखादा काका मुलाच्या ऑफिसाबाहेर, चहाच्या टपरीवर, सोसायटीच्या वॉचमनपाशी सहज म्हणून उभा राहतो आणि विचारतो, 'अमका कसा आहे हो?' समोरचा म्हणतो, 'एक नंबर माणूस!' कुणाच्या लग्नात कशाला काडी घाला? आजवर चौकशीत कुणी कुणाचं वाईट सांगितल्याचं ऐकिवात नाही. मामा त्यामुळे निर्धास्त होते. सर मात्र नव्हते. खरं सांगून टाकायचं म्हणून रोज एकदा तरी अर्जुनरावांचा नंबर लावायचे, रिंग वाजली की बोट आपोआप लाल बटणावर जायचं. खरं सांगितलं तर ती हसणारी मुलगी गेली, आणि नाही सांगितलं तर तिच्यासमोर जन्मभर पोहे गिळत बसायचं. दोन्हीकडून गळ्याला फासच होता.

त्यानंतरच्या सोमवारी, शेवटचा तास संपल्यावर, पिंकी, सायली आणि खंडू शिक्षकखोलीत आले. पिंकीच्या हातात टाचलेली चार पानं होती.

"सर, एवढ्याला मार्क द्या ना."

"कसला निबंध? मी तर दिलाच नव्हता."

"बाहेरची ऑर्डर होती, सर."

सरांना आधी गंमत वाटली. मग पिंकीने हकीकत सांगितली आणि गंमत हळूहळू उतरली. शनिवारी शाळा सुटल्यावर खाणावळीत एक काका आले होते. चहा मागवला, कपाच्या कडेवरून बोट फिरवलं, आणि पिंकीला विचारलं, की तुमचे समाधान सर कसे आहेत. त्यांच्या हातात एक छापील कागद होता.

"मी म्हटलं, काका, कशासाठी विचारताय? ते म्हणाले, लग्नासाठी. मग मी म्हटलं, असं तोंडी नाही सांगणार, दोन दिवस द्या, लेखी देतो. ते हसले, म्हणाले, द्या."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

"ज्याची तपासणी हाय त्यालाच आदी सांगितल्यावर मग कसली तपासणी?" सायली म्हणाली. "तुमीच शिकवलंय, सर."

रविवारी संध्याकाळी संत तुकाराम नगरात भाजीच्या गाड्यापाशी खंडू भेटला होता, ते सरांना आता आठवलं. 'सर, इथंच राहता? किती जण? पंखा आहे का?' एवढ्या आपुलकीने विचारत होतं पोरगं. सरांनी कौतुकाने सगळं खरं सांगितलं होतं आणि वर त्याला दोन पेरूही घेऊन दिले होते.

"मूळ प्रत कुठाय?"

"मधल्या सुट्टीत काका घेऊन गेले. ही झेरॉक्स तुमच्यासाठी."

सरांनी सवयीने लाल पेन काढलं आणि वाचायला घेतलं. तिघं समोर उभीच.

'विषय: आमचे सर लग्नासाठी योग्य आहेत काय? आमचे मत: आहेत.

सर रागावतात पण मारत नाहीत. पुरावा: या वर्षी त्यांनी एकदाच डस्टर आपटला, तो टेबलावर. टेबलाला खोक पडली आहे, कुणीही येऊन पाहावी. सर ताटात अन्न टाकत नाहीत. साक्षीदार: रुक्मिणीबाई, खाणावळ. अपवाद: कारल्याची भाजी, दोन वेळा. सर आपले कपडे स्वतः इस्त्री करतात. पुरावा: निळ्या शर्टाची डावी बाही, तिथे जळाल्याचा त्रिकोण आहे. ते खंडूसारख्या न बोलणाऱ्या मुलालाही बोलते करतात. पुरावा: खंडू.'

सरांना हसू फुटलं. खंडू लाजून छताकडे बघू लागला.

'विरुद्ध बाजू. सर गातात. सहलीच्या बसमध्ये ते देहूपासून परत शाळेपर्यंत गायले. चौपन्न मुले साक्षीदार आहेत, त्यातील दोघांना उलट्या झाल्या, पण त्या गाण्यामुळेच झाल्या असे सिद्ध करता येत नाही. सर घोरत असतील, पण आम्ही ऐकलेले नाही, म्हणून ते आम्ही लिहीत नाही.'

"लिहिलंच की, गाढवांनो!" सर म्हणाले, आणि पान उलटलं. तिथं त्यांचं हसू थांबलं.

'काकांच्या हातातील कागदावर लिहिले आहे की सर पर्मनंट आहेत. हे बरोबर नाही. पुरावा: ऑफिसबाहेरच्या फलकावरील शिक्षणसेवकांची यादी, नाव तिसरे. कागदावर लिहिले आहे की निगडीत त्यांचा स्वतःचा फ्लॅट आहे. हेही बरोबर नाही. ते संत तुकाराम नगरात एका खोलीत भाड्याने राहतात, सोबत एक मित्र असतो, पंखा एकच आहे. पुरावा: सरांनी रविवारी स्वतः खंडूला सांगितले. म्हणून ही दोन्ही विधाने लाल बादलीत टाकावी लागतील.

परंतु हे खोटे सरांना माहीत असणे शक्य नाही. ते दुसऱ्या कुणीतरी लिहिले असेल. कारण आमचे सर पुराव्याशिवाय एक शब्द बोलत नाहीत आणि दुसऱ्याला बोलू देत नाहीत. पुरावा: आमची वर्षभराची वही.

म्हणून, गाणे सोडल्यास, तरीही आमचे मत: योग्य आहेत.'

सरांचे कान गरम झाले. मुलांनी घात केला म्हणून रागवावं, तर रागवायला तोंड कुठं होतं? त्यांनी पानं पुन्हा पहिल्यापासून वाचली. चार पानांत बादलीत टाकण्यासारखं एकच वाक्य होतं, आणि ते नेमकं त्यांची बाजू घेणारं होतं.

"मार्क उद्या देतो," ते म्हणाले.

गाडीला किक मारतात तोच मामांचा फोन. "समाधान, घोटाळा झालाय. अर्जुनरावांचा फोन आलता. तू काही बोलू नकोस, मी करायलो काहीतरी. फ्लॅट भावाच्या नावावर हाय म्हणून सांगू!"

"मामा, मला भाऊच नाही."

"चुलत रे, चुलत!"

सरांनी आयुष्यात पहिल्यांदा मामांचा फोन त्यांचं बोलणं पुरं व्हायच्या आत ठेवला. शिफ्ट सुटायची वेळ, रस्ता कंपनीच्या बसेसनी गच्च. एरवी या गर्दीला शिव्या देणारे सर त्या दिवशी मनातून म्हणत होते, अजून थोडी वाढली तरी चालेल. मोशीला पोचायला त्यांना एक तास लागला, आणि तोही कमीच वाटला.

दार नेहाने उघडलं. हसली नाही. आत टेबलावर अर्जुनराव चष्मा लावून बसले होते, समोर तीच चार पानं. प्रत्येक पुराव्यापुढे हिरव्या पेनची खूण होती. शेवटून दुसऱ्या परिच्छेदापुढे मात्र काहीच नव्हतं.

"बसा."

"बसत नाही, काका. निबंधात एक वाक्य चुकलंय. तेवढं दुरुस्त करायला आलोय." सरांनी खिशातून लाल पेन काढलं, वाकले, आणि 'हे खोटे सरांना माहीत असणे शक्य नाही' यावर सरळ रेघ मारली. "मला माहीत होतं. बायोडेटा छापून आला त्या दिवसापासून. पोहे खाताना सांगता आलं असतं, सांगितलं नाही."

अर्जुनरावांनी चष्मा काढला. "मुलांनी लिहिलं म्हणून आलात. नसतं लिहिलं तर?"

'तरी आलो असतो' हे वाक्य सरांच्या जिभेवर आलं होतं. पण त्याला पुरावा कुठं होता?

"नसतो आलो बहुतेक," ते म्हणाले. "रोज फोन लावत होतो आणि कट करत होतो."

"अकरा," नेहा म्हणाली.

"काय?"

"पप्पांच्या फोनवर तुमचे मिस्ड कॉल. अकरा आहेत. मोजलेत मी."

मग नेहाच बोलली, जरा चिडूनच. "फ्लॅटचं मला काही नाही. मीही याच घरात एका पंख्याखाली वाढलेय. पण माझ्यासमोर बसून खोटं ऐकत राहिलात, त्याचा राग आला. दुपारी हे वाचलं आणि त्या वाक्यापाशी थांबले. पप्पा लगेच नकार कळवणार होते. मी म्हटलं, आजचा दिवस थांबू. स्वतः येऊन खोडलं तर पुढचं बोलू, नाहीतर विषय बंद."

"मग आता?" सरांनी विचारलं.

नेहा आत गेली. पर्समधून कंपनीचा एक पिवळा टॅग घेऊन आली, त्यावर काहीतरी लिहिलं आणि सरांच्या हातात दिला. सरांनी वाचला आणि नीट घडी न घालता वरच्या खिशात ठेवला. अर्जुनरावांनी तोवर पानं पुन्हा उचलली होती. "पोरं कुणाची हो ही?" ते म्हणाले. "तीस वर्षांत असा रिपोर्ट आमच्या डिपार्टमेंटला कुणी लिहिला नाही."

मंगळवारी पहिलाच तास नववी 'ब'चा. सरांनी हजेरी घेतली नाही. चिठ्ठीवर एक वाक्य लिहिलं, वर्गाला मोठ्याने वाचून दाखवलं, 'हे खोटे सरांना माहीत असणे शक्य नाही,' आणि म्हणाले, "मला माहीत होतं." चिठ्ठी त्यांनी लाल बादलीत टाकली.

सायलीचं तोंड एवढंसं झालं. ते वाक्य तिनेच लिहिलं होतं. तिच्याकडे बघणं सरांना जड गेलं, कालच्या अर्जुनरावांपेक्षाही जड. त्यांना वाटलं, संपलं, आता ही पोरं आपलं काही ऐकायची नाहीत.

मग सायली उभी राहिली. "सर, टॅग न्हाई लावला. का टाकलं त्ये लिवा की."

सरांनी मुकाट्याने चिठ्ठी बाहेर काढली, टॅग लावला, त्यावर लिहिलं. पिंकी पुढे आली आणि कुणी सांगितलं नसताना तिने तो वाचून टाकला: "कारण: मुलगी फार आवडली होती. खरं सांगितलं तर नकार येईल, अशी भीती वाटली."

वर्गाने असा काही आवाज काढला, की शेजारच्या 'क' तुकडीचे सर दारात येऊन बघून गेले.

"सर," मागच्या बाकावरून खंडू म्हणाला, "आवडली याला पुरावा?"

सरांनी वरच्या खिशातून तो पिवळा टॅग काढून टेबलावर ठेवला. सगळी मुलं टेबलाभोवती लोटली. पिवळा टॅग म्हणजे काय, हे या वर्गात कुणाला सांगावं लागणार नव्हतं: पीस फेकायचा नाही, दुरुस्त करून पुन्हा मापायचा. त्यावर लिहिलं होतं, 'दोष: खोटं ऐकून गप्प बसणे. दुरुस्ती: मामांनी येऊन स्वतः खरं सांगणे. पुढील तपासणी: रविवार, सकाळी अकरा. पोहे मिळतील. तपासणार: नेहा.'

"रिवर्क!" खंडू ओरडला. "रिजेक्ट नाही सर, रिवर्क!"

"हा पुरावा ती थोडी तरी राजी असल्याचा झाला," पिंकी टॅग उलटसुलट करत म्हणाली. "तुम्हाला आवडल्याचा नाही."

"तो तुमच्या तोंडावर दिसतोय, सर. चालंल तेवढा," सायलीने निकाल दिला, आणि तिच्या गालावर जरासं हसू परत आलं. सरांचा जीव भांड्यात पडला.

वर्ग जागेवर बसल्यावर त्यांनी निबंधाची झेरॉक्स पिंकीच्या हातात ठेवली. वर लाल पेनने लिहिलं होतं, दहापैकी नऊ.

"एक कुठं गेला?" पिंकीने लगेच विचारलं.

"त्या एका वाक्याचा कापला. पुरावा दिलात, पण निष्कर्ष चुकला."

पिंकीला ते पटलं असावं, ती जागेवर जाऊन बसली. सायली मात्र पुन्हा उभी.

"सर, वाक्य आमचं चुकलं न्हवतं. आमी वही बघून लिवलं व्हतं. चुकला तुमी. मग मार्क आमचा का कापता?"

सर तिच्याकडे बघत राहिले. बादलीकडे बघितलं. विरुद्ध बाजूने काही मांडता येईल का, म्हणून दोन मिनिटं खरोखर विचार केला. मग पिंकीकडून पान परत मागून घेतलं, आणि नऊ खोडून दहा केले.